पाण्याच्या चालीनं

हिंगोली जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घेतला की पाणी दोन बाजूंनी जिल्ह्याबाहेर पडताना दिसतं. नैर्ऋत्येच्या अंगानं पूर्णा, ईशान्येच्या अंगानं पैनगंगा आणि या दोघींच्या मधून कयाधू. पूर्णा थेट गोदावरीला मिळते. कयाधू मात्र लांबचा वळसा घेते. ती पैनगंगेत जाते, पैनगंगा वर्धेत, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत उतरते. नरसीच्या घाटावरून गेलेलं पाणी आणि वसमतच्या शिवारातून निथळलेलं पाणी, दोन्ही निरनिराळ्या मुलखांतून फिरून शेवटी एकाच नदीत येतं. या जिल्ह्याला कोरडा, मागास, दुष्काळी म्हणायची सवय आपल्याला लागली आहे, पण नकाशा काही वेगळंच सांगतो.

उन्हाळ्यात इकडे येणारा पाहुणा औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतो, जमलं तर नरसीला जाऊन येतो आणि ऊन चढायच्या आत परततो. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना त्यात वावगं काही नाही. मात्र याच दिवसांत, रानं उघडी पडलेली असताना, या जिल्ह्यातून एक पाण्याची वाट भरून वाहत असते, ती पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याची. उन्हाळी पाळीचं पाणी सुटलं असेल तर तिच्या काठाकाठानं, कालव्याच्या सेवारस्त्यावरून, येलदरी धरणाच्या भिंतीपासून वसमतच्या पुढे टेलापर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, जाता येतं. थोडं होडीतून, बरंचसं मोटारसायकलवर आणि जिथे रस्ता खचलाय तिथे पायी. यंदा मी तसाच गेलो.

हे डोक्यात आलं बर्मिंगहॅममुळे. तिथे नोकरीला असलेला माझा भाचा गेल्या उन्हाळ्यात बायकोमुलांना घेऊन सुट्टीवर गेला आणि त्या सुट्टीत राहिला तो होडीवर. नॅरोबोट म्हणतात तिला. लांबीला साठ-सत्तर फुटांपर्यंत, रुंदीला मात्र सात फुटांच्या आत. तेवढ्यात ओटा, पलंग, न्हाणी, थंडीसाठी शेगडी. ती भाड्यानं मिळते आणि आपणच चालवायची असते, त्यासाठी परवाना लागत नाही. मालक सुरुवातीला शिकवून देतो. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे अंगवळणी पडेपर्यंत दोन-चार वेळा काठाला धडक बसते. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, त्यामुळे काठावरून चालणारा माणूस गप्पा मारत बरोबर येऊ शकतो.

भाचा गेला तो वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यानं आणि पुढे सेव्हर्न नदीत. हा कालवा १८१५ साली पुरा झाला. त्यावर टार्डबिग नावाच्या गावापाशी ओळीनं ३० लॉक आहेत, साधारण साडेतीन किलोमीटरच्या अंतरात. ब्रिटनमधली ही सर्वांत लांब रांग. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी दारं असलेला बांधीव हौद. होडी खालच्या दारातून आत घ्यायची, दार लावायचं, वरच्या दाराजवळची झडप लोखंडी हँडलनं फिरवून उघडायची. वरचं पाणी आत येतं, त्याबरोबर होडी वर उचलली जाते, पातळी सारखी झाली की वरचं दार सहज उघडतं. इंजिन नाही, पंप नाही, नुसता पाण्याचा उतार. दर खेपेला लाखभर लिटरहून जास्त पाणी वरून खाली जातं. ते भरून काढायला कालव्याच्या माथ्यावर तलाव बांधलेले असतात. त्यामुळे पाऊस कमी पडला की तिथेही होड्या थांबतात. २०२५ च्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग याच कारणानं बंद ठेवावा लागला होता.

या कालव्यांचा जन्म करमणुकीसाठी झाला नव्हता. १७६१ मध्ये ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरनं आपल्या वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी जेम्स ब्रिंडलीकडून कालवा काढून घेतला आणि शहरातला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. रस्त्यावर एक घोडा दोन टनांची गाडी जेमतेम ओढी, तोच घोडा पाण्यावर तीस टनांची होडी ओढू लागला. मग साऱ्या देशात कालवे खणले गेले. पुढे रेल्वे आली, नंतर लॉऱ्या आल्या, कालवे गाळानं भरत चालले. १९३९ मध्ये एल. टी. सी. रोल्ट नावाचा एक इंजिनिअर 'क्रेसी' ही जुनी होडी घेऊन या कालव्यांवर राहायला गेला. त्यावर त्यानं लिहिलेलं 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये निघालं. १९४६ मध्ये त्यानं आणि रॉबर्ट एकमन यानं मिळून जलमार्ग वाचवण्यासाठी संस्था काढली. या दोघांची पहिली भेट टार्डबिगलाच, रोल्टच्या होडीवर झाली होती. कालवे बुजवायचे बेत होत असताना लोकांनी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन गाळ काढला. १९६८ च्या वाहतूक कायद्यानं अनेक कालव्यांना प्रवासी होड्यांचे जलमार्ग म्हणून मान्यता मिळाली. सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग २०१२ पासून एक धर्मादाय न्यास सांभाळतो.

१९६८ हा आकडा वाचला आणि मी थबकलो. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा प्रकल्पाची आपली दोन्ही धरणं पुरी झाली ते हेच साल. तिकडे जुन्या कालव्यांना नवं आयुष्य मिळत होतं, इकडे आपल्या कालव्यांत पहिल्यांदा पाणी येत होतं.

जिंतूरहून सेनगावकडे जाणारा रस्ता येलदरीच्या भिंतीपाशी पूर्णा ओलांडतो. धरण परभणी जिल्ह्यात, पाण्याचा फुगवटा बराचसा हिंगोलीच्या बाजूला. भिंत सव्वाचार किलोमीटर लांब आणि एक्कावन्न मीटर उंच. एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर, त्यातला वापरता येण्याजोगा सुमारे ८१०. पायथ्याशी वीजघर आहे, साडेसात मेगावॅटचे तीन संच मिळून साडेबावीस मेगावॅट. मराठवाड्याच्या सपाट मुलखात पाण्यावरची वीज हीच मुळात दुर्मीळ गोष्ट. वीज करून सुटलेलं पाणी वाया जात नाही, ते खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात पडतं आणि तिथून कालव्यात जातं. एकाच पाण्याला दोनदा कामाला लावायची ही रचना मला फार आवडते. एक धरण साठवतं, दुसरं वाटतं.

येलदरी दर वर्षी भरतंच असं नाही. वर देऊळगाव महीजवळ खडकपूर्णा प्रकल्प झाल्यापासून तिकडचं पाणी आधी तिथे अडतं आणि ते भरून सांडलं म्हणजे मग इकडे येतं. त्यामुळे खालच्या शेतकऱ्याचे कान पावसाळाभर बुलढाण्याच्या बातम्यांकडे लागलेले असतात. येलदरी कॅम्पमध्ये जेवायला बसलो तर शेजारच्या टेबलावर चर्चा तीच. "यंदा किती टक्के राहिलं?" हा प्रश्न इथे माणसं प्रकृती विचारावी तशी विचारतात. जेवायला अर्थातच मासे होते. या कॅम्पातल्या साध्या खानावळींचा रस्सा तिखट असतो, भाकरी ज्वारीची, आणि मासा सकाळी पाण्यातून निघालेला.

सिद्धेश्वर औंढा तालुक्यात आहे. भिंत येलदरीपेक्षा बुटकी पण लांब, सव्वासहा किलोमीटरच्याही पुढे. इथला हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. एकूण साठा सुमारे २५१ दशलक्ष घनमीटर, पण वापरता येतो तो केवळ ८१. उरलेला १७० मृतसाठा. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढं पाणी दिसतंय आणि कालवा बंद कसा? कालव्याचं तोंड धरणाच्या तळाशी नसतं. पाण्याला पुढे वसमत-नांदेडच्या शिवारापर्यंत आपल्या उतारानं चालत जायचं आहे, म्हणून तोंड उंचावर ठेवावं लागतं. त्या पातळीच्या खाली पाणी गेलं की ते कालव्यासाठी मेलं. पिण्यासाठी मात्र ते उपसता येतं. हिंगोली शहराची तहान याच जलाशयावर भागते.

जलाशयावर मी पहाटे गेलो, एका भोई कुटुंबाच्या होडीतून. रात्री टाकलेली जाळी उचलायची वेळ होती. बाप वल्हं मारत होता आणि पुढच्या टोकाला बसलेला मुलगा हातानं जाळं ओढून घेत होता. तुटक्या थर्माकोलचे तुकडे दोरीला बांधून केलेली तरंगती खूण दिसली की होडी वळायची. जाळं वर येताना आधी रिकाम्या चौकटींवर नुसते थेंब चमकायचे, मग अचानक एखादा रोहू, एखादा कटला उसळी घ्यायचा. मुलगा त्याचे कल्ले जाळ्यातून इतक्या हलकेच सोडवायचा की दोरा तुटू नये. एक दोरा तुटला की त्या जागी भोक, आणि उद्या तिथूनच मासा निसटणार. मोठी वाम निघाली तेव्हा बापानं वल्हं थांबवून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही गिऱ्हाइकाआधी घरी जाती." पाण्याची पातळी उतरल्यामुळे जुन्या वावरांचे बांध, एका विहिरीचा कठडा आणि वाळलेल्या बाभळींचे बुंधे उघडे पडले होते. धरणाखाली गेलेल्या गावांचा माग असा उन्हाळ्यातच लागतो. होडीवाल्यानं हात करून दाखवलं, "इथून खाली आमच्या आज्याचं रान." त्याच्या आज्याचं रान बुडालं आणि त्याच पाण्यावर नातू मासे धरतो. यात नुकसान किती आणि भरपाई किती, हे मला ठरवता आलं नाही. त्याच्या बोलण्यात मात्र कडवटपणा नव्हता.

धरणाच्या खाली आलं की दृश्य एकदम बदलतं. एका बाजूला पूर्णेचं पात्र, खडक उघडे, मधूनमधून हिरवट डोह, त्यात म्हशी. दुसऱ्या बाजूला काठोकाठ वाहणारा कालवा. नदीचं पाणी नदीत नाही, कालव्यात आहे. सिंचनासाठी हा व्यवहार आपण साठेक वर्षांपूर्वी केला आणि त्यानं हजारो घरांच्या चुली चांगल्या पेटल्या. पण नदीच्या पात्रातून चालताना पायाला जे तापलेले गोटे लागतात, तेही त्याच व्यवहारातले आहेत. दोन्ही एका नजरेत दिसतील अशी जागा म्हणून इथे प्रत्येकानं एकदा उभं राहावं असं मला वाटतं.

"मामा, आपल्या कालव्यात होडी का नाही चालत?" भाच्यानं फोनवर विचारलं होतं. उत्तर काठावरून चालतानाच मिळत जातं. इंग्लंडचा कालवा साचलेला असतो, पातळीला धरून बांधलेला. उतार आला की लॉकची पायरी. आपला कालवा वाहता असतो, उताराला धरून बांधलेला. रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगानं पाणी सारखं पुढे जात असतं, मध्ये फॉल, म्हणजे पाणी एकदम खाली पडतं त्या पायऱ्या, येतात, आडवी दारं येतात, डोक्याला लागतील इतके बुटके पूल येतात. आणि पाळी संपली की कालवा कोरडा. तिथे पाणी वाट आहे, इथे पाणी स्वतःच माल आहे.

हिंदुस्थानात दोन्ही कामं करणारे कालवे झालेच नाहीत असं नाही. १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगेच्या कालव्यावर फॉलच्या बाजूनं लॉक बांधून होड्यांची सोय केली होती. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा करणाऱ्या आर्थर कॉटननं तर त्याहून मोठं स्वप्न पाहिलं. वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा पाण्यानं समुद्राला न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे, त्यांना वळसा घालायला बंधारे, कालवे आणि लॉक. काम सुरूही झालं, बरंच झालं. पण तोवर १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोचली, कापूस गाडीत बसून मुंबईला जाऊ लागला आणि १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. इंग्लंडच्या कालव्यांना रेल्वेनं जे केलं तेच इथे काम पुरं होण्याआधीच झालं. कयाधूचं पाणी ज्या वाटेनं जातं तीच ही वाट, म्हणून मला ही हकीकत परक्या मुलखाची वाटत नाही.

कालव्यावर माझ्या सोबतीला एक पाटकरी होते, निवृत्तीला आलेले. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी प्रत्यक्ष सोडणारा आणि बंद करणारा माणूस. त्यांच्या सायकलच्या दांड्याला गेट फिरवायची किल्ली बांधलेली होती, हातभर लांब लोखंडी. भाच्यानं पाठवलेल्या फोटोतलं लॉकचं हँडल मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी फोटो मोठा करून बारकाईनं पाहिला आणि विचारलं, "याला वंगण कोण घालतंय?" ज्याचं हयातभराचं काम गंजलेल्या स्क्रूशी झगडण्यात गेलं, त्याला पहिला प्रश्न हाच पडणार.

पाळी कशी चालते ते त्यांच्याकडून ऐकावं. धरणात किती पाणी आहे ते पाहून कालवा सल्लागार समिती रब्बीला किती पाळ्या, उन्हाळ्यात किती, हे ठरवते. शेतकरी नमुना सातचा अर्ज भरतो, कोणत्या गटात किती क्षेत्र, कोणतं पीक. मग शेजपाळी लागते. कुणाला कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी, याची यादी. रीत अशी की टेलापासून सुरुवात करायची आणि हेडाकडे यायचं, म्हणजे शेवटच्या माणसाला आधी मिळावं. "कागदावर तसंच हाय," पाटकरी म्हणाले, "पण टेलवाल्याचं भिजेस्तोवर वरचा माणूस दम धरत नाही. त्याच्या डोळ्यादेखत पाणी चाललंय नं. हितलं गेट एक आटा जास्त उघडलं तर खाली चार गावांत भांडण लागतंय." त्यांच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा जबाबदारी जास्त होती. रात्री दोनला उठून गेट पाहायला जाणारी ही माणसं नसती तर इंजिनिअरांची सगळी गणितं वहीतच राहिली असती. आता पदं रिकामी राहतात, एकेका पाटकऱ्याकडे पूर्वीच्या तिघांचा पल्ला आलाय. २००५ च्या कायद्यानं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे द्यायचं ठरलं. जिथे संस्था जिवंत आहे तिथे चारी साफ दिसते आणि जिथे ती फक्त फलकावर आहे तिथे बेशरमाची झुडपं चारी गिळून बसलेली दिसतात. हा फरक चालत गेलं तरच कळतो, गाडीच्या काचेतून नाही.

अस्तरीकरणाची फरशी बऱ्याच ठिकाणी फुगून उखडली आहे. त्याचं कारण पायाखालीच आहे. ही काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि कालवा तर दर पाळीला ओला-कोरडा होत राहतो. पाणी झिरपतं, टेलाचा वाटा घटतो. मात्र झिरपलेलं सगळंच वाया जात नाही. कालव्याच्या खालच्या अंगाला विहिरींना मे महिन्यातही पाणी दिसतं ते या पाझरामुळे. काठच्या एका शेतकऱ्यानं विहिरीत डोकावून दाखवलं, पाणी दहा-बारा हातांवर. तो अर्ज भरत नाही, पाळीची वाट पाहत नाही, पण कालवा आटला तर आठ दिवसांत त्याचीही मोटार हवा ओढायला लागते.

जवळा बाजारच्या पुढे कालवा एका कोरड्या ओढ्यावरून जातो. जलसेतू लहानच, पण त्याच्यावर उभं राहून खाली पाहावं. डोक्यावरून एवढं पाणी चाललंय आणि खालच्या सावलीत शेळ्या बसल्यात. कमानीच्या सांध्यातून एक धार गळत होती, तिच्याखाली कुणीतरी मातीचं मडकं ठेवलेलं होतं, आणि गुराखी पोरगं त्यातून ओंजळीनं पाणी पीत होतं. वेल्समध्ये टॉमस टेलफर्डनं १८०५ मध्ये बांधलेला पोंटकसिल्टे जलसेतू आहे, ३०७ मीटर लांब, दरीच्या तळापासून ३८ मीटर उंच, लोखंडी पन्हळीतून होड्या जातात. २००९ पासून तो जागतिक वारसा आहे. आमच्या जलसेतूवर नावाची पाटीही नाही. बांधणाऱ्यांनी मात्र काम चोख केलंय. ती एक धार सोडली तर दगडी बांधकामाला इतक्या वर्षांनीही कुठे तडा दिसला नाही.

हिरवा पट्टा इथून दाट होत जातो. ऊस, केळी, उन्हाळी भुईमूग. पूर्णा प्रकल्पाचं लाभक्षेत्र साधारण ५८ हजार हेक्टर, आणि ते वसमत, औंढ्यापुरतं नाही, परभणी आणि नांदेडकडेही पसरलेलं आहे. मुख्य कालव्याला हट्टा, वसमत, लासिना अशा शाखा फुटतात. शाखा फुटते ती जागा पाहण्यासारखी असते. पाणी क्षणभर थांबल्यासारखं होतं, गोल भोवरा घेतं आणि मग दोन वाटांनी निघतं. किती पाणी कुठे गेलं ते भिंतीवर रंगवलेल्या मोजपट्टीवर वाचायचं. पाटकऱ्यांनी पट्टी वाचली, खिशातल्या वहीत आकडा टिपला आणि मोबाइलवरून शाखा कार्यालयाला कळवला.

वसमत जवळ आलं हे आधी नाकाला कळतं. मे महिन्यात हळदीची शिजवणी उरकलेली असते, वाळवणही होत आलेलं असतं आणि गावोगाव पॉलिशचे ड्रम फिरत असतात. हळद जूनमध्ये लागते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, म्हणजे आठ-नऊ महिने जमीन तिच्याच नावावर. कंद काढले की गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, कुकरमध्ये वाफेवर शिजवायची, उन्हात वाजेपर्यंत वाळवायची. पॉलिशचा ड्रम म्हणजे जाळीची मोठी टाकी, ट्रॅक्टरवर फिरणारी. त्यात हळकुंडं एकमेकांवर घासून वरची साल आणि मुळ्या झडतात. सुरुवातीला आवाज खडखडीत, दगड पडल्यासारखा, मग हळूहळू एकसारखा होत जातो आणि त्या आवाजावरूनच ड्रमवाला थांबवतो. दार उघडलं की बाहेर पडतं ते पिवळंधमक, आणि त्या धुरळ्यात काम करणाऱ्यांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनात काळी माती आहे, शेतकऱ्याचं कसब आहे, आणि पाऊस लांबला तरी लागवड तगवणारं कालव्याचं आणि विहिरीचं पाणीही आहे. ड्रमशेजारी बसलेल्या आजीला मी विचारलं, कालवा यायच्या आधी इथे काय व्हायचं? "ज्वारी, कापूस अन् वाट बघणं," ती म्हणाली.

टेलाकडे पाणी बारीक होत जातं. मुख्य कालव्यात पुरुषभर खोल असलेलं, शाखेत कमरेएवढं, मायनरमध्ये गुडघाभर, आणि शेवटच्या शेतचारीत पावलं बुडतील इतकं. शेवटचा शेतकरी फावडं घेऊन बांधावर उभा होता. त्याचं पाणी आदल्या रात्री येणार होतं, ते दुपारी उशिरा आलं होतं, एवढंच त्याच्या हिशेबात महत्त्वाचं. उसाच्या सरीतून पाणी पुढे सरकताना कोरड्या ढेकळांतून बुडबुडे निघत होते आणि पुढेपुढे बगळे चालत होते, ओलीतून वर येणारे किडे टिपत. तिथून निथळून जे थोडंफार उरतं ते ओढ्यानं आसना नदीत आणि आसनेतून नांदेडजवळ गोदावरीत जातं.

परतताना नरसीला गेलो. संत नामदेवांचं हे जन्मगाव मानलं जातं. त्यांचा जन्म १२७० चा, आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून इथे पंजाबातूनही माणसं येतात. घाटाखाली कयाधू कोरडी होती, वाळूत खड्डे करून बसवलेले दोन-तीन पंप तेवढे. या नदीवर पूर्णेसारखं मोठं धरण नाही, म्हणून तिचा उन्हाळा असा उघडा असतो. अमृतसरहून आलेलं एक कुटुंब घाटावर बसून नदी कुठेय असं विचारत होतं. पुजाऱ्यांनी सांगितलं, श्रावणात या. जिल्ह्याच्या तिसऱ्या नदीवर, पैनगंगेवर, मात्र मोठं धरण आहे; त्या इसापूर धरणाचा उजवा कालवा कळमनुरी तालुक्यातून नांदेडकडे जातो. १९८२ मध्ये पुरं झालेलं हे धरण येलदरीपेक्षाही मोठं, आणि त्या कालव्याचा प्रवास हा वेगळा विषय आहे.

कुणाला या वाटेनं जायचं असेल तर चार गोष्टी. पाळी सुटली आहे का आणि कोणत्या शाखेवर आहे, हे आधी पाटबंधाऱ्याच्या शाखा कार्यालयात विचारावं, नाहीतर कोरडा कालवा पाहून यावं लागेल. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागते. सेवारस्ता कच्चा आहे, काळ्या मातीत एक सर पडली तरी मोटारसायकल रुतते. कालव्यात उतरू नये, मुलांना तर मुळीच उतरू देऊ नये. पाणी शांत दिसतं, पण अस्तराच्या उतारावर शेवाळ असतं, हाताला धरायला काही नसतं आणि फॉलच्या खाली ओढ जबर असते. दर उन्हाळ्यात यात पोरं जातात. पहाटे पाचला निघून दहाच्या आत सावली गाठावी आणि चारनंतर पुन्हा निघावं. मुक्कामाला औंढा सोयीचं, तिथे भक्तनिवास आणि लॉज आहेत. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली, अरुंद, तिथे पहाटेच गर्दी कमी असते. वसमतहून परतीला पूर्णा-अकोला मार्गावरची रेल्वे मिळते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर उन्हाळ्यापेक्षा रब्बीची पाळी निवडावी. डिसेंबरात हट्टा शाखेच्या दोन्ही अंगांना गहू-हरभरा उभा असतो आणि दुपारीही काठानं चालता येतं.